आधी दादाकडे

आजचे मनन: मत्तय 5:21-24
सोबत वाचा: उत्पत्ती 4:1-8, इफिसकरांस पत्र 4:26-27, याकोब 1:19-20



आजची वचने आधी स्वतःच्या बायबलमधून वाचा आणि मग पुढे या. चारच वचने आहेत, दोन मिनिटे लागतील. मी ती लहानपणापासून शंभर वेळा तरी ऐकली असतील. संडे स्कूलमध्ये पाठ करून बक्षीसही मिळवलं होतं. तरीही वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मी ती उलटी वाचत होतो. कशी, ते आज सांगायचं आहे. त्यासाठी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. दादाला विचारूनच ती लिहितो आहे.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी कर्जतला आले आणि इथलेच झाले. बाबांनी पुढे खालापूरजवळ सहा गुंठे जागा घेतली आणि तीन खोल्यांचं घर बांधलं. मी इंजिनिअरिंग करून बेंगळुरूला गेलो. दादा खोपोलीच्या कारखान्यात लागला आणि आई-बाबांजवळ राहिला. बाबा वारले तेव्हा वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं अशी तीन नावं आली. मी बदली घेऊन कर्जतला राहायला आलो. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळखीच्या माणसाचा मेसेज आला, ‘अभिनंदन, जागेचा व्यवहार झाला म्हणे!’ चौकशी केली तर कळलं की दादाने तीन गुंठ्यांसाठी एका गिऱ्हाइकाकडून इसार घेतला होता. मला विचारलं नव्हतं, आईलाही अर्धवटच सांगितलं होतं. कर्जत-खालापूरकडे जमिनीचे भाव काय झालेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. फार्महाऊसच्या पाट्या लागल्या की सख्खे भाऊ एकमेकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. मी तसाच गाडी काढून खालापूरला गेलो आणि आईच्या समोर, दादाच्या मुलांच्या समोर त्याला ‘चोर’ म्हणालो. आणखीही बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

एकाच तालुक्याच्या अंतरावर दोन भाऊ आणि मध्ये आई. पंधरा दिवस त्याच्याकडे, पंधरा दिवस माझ्याकडे. त्या वर्षी नाताळच्या करंज्या तिने दोन वेगळ्या डब्यांत भरल्या. एका डब्यावर माझं नाव, एकावर दादाचं. डब्यांवर नावं घालताना तिचा हात कसा चालला असेल, हा विचार मला तेव्हा शिवलासुद्धा नाही. करंज्या छान झाल्यात, एवढंच म्हणालो.

राग एका खोलीत राहत नाही

मला वाटत होतं की माझं भांडण फक्त दादाशी आहे आणि बाकी माझं सगळं नीट चाललंय. रोजची प्रार्थना चालू होती, रविवारची उपासना चालू होती. पण राग हा काही भाड्याच्या एका खोलीत गपचूप राहणारा भाडेकरू नाही. तो हळूहळू सगळं घर ताब्यात घेतो.

ऑफिसच्या कॉलवर एका नव्या मुलाने टेस्ट न करता कोड चढवला. चूक त्याचीच होती. पण बारा जणांसमोर मी त्याला ज्या आवाजात बोललो, तो आवाज त्या चुकीच्या मापाचा नव्हता. तो आवाज दादाचा होता, म्हणजे दादासाठी साठवलेला. कॉल संपला आणि माझी सहा वर्षांची मुलगी दारातून विचारते, ‘पप्पा, तुम्ही कॉलवर आहात का रागात आहात?’ तिच्या लेखी ही माझी दोनच कामं होती.

आमच्या कामात सिस्टीममध्ये काय घडलं त्याची नोंद ठेवणाऱ्या फाईलला आम्ही लॉग म्हणतो. माझ्या मनात दादाविरुद्ध असाच एक लॉग तयार झाला होता, तारीखवार. इसार घेतला, न विचारता घेतला, लहानपणी सायकल मोडली आणि नाव माझ्यावर घातलं, तेसुद्धा त्यात होतं. रात्री झोप लागेना की मी तो लॉग पहिल्या ओळीपासून वाचायचो. आणि प्रत्येक वाचनात एक गोष्ट हमखास सिद्ध व्हायची, की मी बरोबर आहे.

पौल इफिसच्या मंडळीला लिहितो की राग आलाच तर तो सूर्य मावळण्याच्या आत सोडा, आणि लगेच पुढच्या वचनात सांगतो की सैतानाला जागा देऊ नका. ‘जागा’ हा शब्द मला त्या वर्षी फार लागला. मी तीन गुंठ्यांसाठी भावाशी भांडत होतो, आणि मनातली अख्खी जागा सैतानाला फुकटात देऊन बसलो होतो. इसारसुद्धा घेतला नव्हता!

वचन उलटं वाचणारा माणूस

ऑगस्टचा पहिला रविवार होता. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेबांनी वाचायला घेतलं मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं हेच. मी मनातल्या मनात मान डोलावत होतो, की दादाने हे ऐकायला हवं होतं.

आणि मग तेविसावं वचन आलं. मी ते वचन आजवर असं ऐकत आलो होतो: तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुला आठवलं की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे. बायबल उघडून पुन्हा बघा. येशू असं म्हणतच नाही. तो म्हणतो की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, हे तुला आठवलं तर.

चौदा महिने मी माझा लॉग वाचत होतो. येशू मला दादाचा लॉग आठवायला सांगत होता.

भावाची तक्रार खरी आहे की खोटी, याची छाननीसुद्धा तो करत नाही. जास्त चूक कोणाची, हेही विचारत नाही. तुझ्या भावाचं मन तुझ्यामुळे दुखलंय आणि तुला ते ठाऊक आहे, एवढं पुरे. अर्पण तिथेच ठेव आणि जा. आधी समेट, मग अर्पण.

भाकरीचं ताट माझ्या हातात आलं. मी ते तसंच पुढे दिलं. शेजारी बसलेल्या बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. शेवटच्या गीताआधी मी उठलो आणि कर्जत स्टेशनला येऊन खोपोलीची गाडी पकडली.

दोन अर्पणं, दोन भाऊ

गाडीत एक गोष्ट लक्षात आली. भाऊ, अर्पण आणि राग ही तिन्ही एकत्र बायबलमध्ये पहिल्यांदा येतात ती उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात. काइन अर्पण घेऊन येतो, हाबेलही येतो. काइनाचं अर्पण देवाला मान्य होत नाही आणि तो संतापतो. तिथे देव त्याला सोडून देत नाही. जवळ बसून विचारावं तसं विचारतो, की तू का संतापलास, तुझा चेहरा का उतरला? आणि सावध करतो, की पाप दाराशी दबा धरून बसलंय, तुला त्याच्यावर ताबा ठेवायचा आहे. विचार करा, अजून खून झालेला नाही. राग आलाय, पण दार अजून बंद आहे. राग येणं आणि दार उघडणं यांच्यामध्ये देवाने काइनाला वेळ दिला. काइनाने देवाला उत्तर दिलं नाही. तो उठून भावाकडे गेला, शेतात, मारायला.

आता मत्तय पाच पुन्हा बघा. इथेही अर्पण आहे, इथेही भाऊ आहे, आणि इथेही अर्पण सोडून भावाकडे जायचं आहे. वाट तीच, काइनाचीच. पण येशू त्या वाटेवरून आपल्याला मारायला पाठवत नाही, समेट करायला पाठवतो. काइन जिथे चुकला तिथूनच प्रभू आपल्याला पुन्हा चालायला लावतो.

आणि बाविसाव्या वचनात तो खुनाच्या रांगेत काय बसवतो? भावाला तुच्छतेने मारलेली हाक. एक शब्द. माझा शब्द ‘चोर’ होता.

घाटातला थांबा

पळसदरी सोडताना पुण्याकडे चढणारे घाटाचे रूळ बाजूला फुटतात. तिथे आजोबांची आठवण आली. ते घाटात पॉइंट्समन होते. कर्जतला राहणाऱ्यांना बँकर इंजिनं माहीत असतात. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला वर ढकलायला मागून लागतात ती. बोरघाटाची चढण 37 फुटांना एक फूट, 1863 पासून गाड्या तिथून चालतात. पण आजोबा म्हणायचे, चढण्यात कसली कमाल, कमाल उतरण्यात आहे.

उतरणाऱ्या गाडीसाठी घाटात कॅच सायडिंग असतात. रूळ एरवी मुख्य मार्गाला जोडलेला नसतोच. तो बाजूच्या एका चढाच्या फाट्याला जोडलेला असतो. गाडीने तिथे येऊन पूर्ण थांबायचं. थांबली, म्हणजे ब्रेक चालतायत हे कळलं, की मग मुख्य मार्ग जोडून देतात. ब्रेक गेलेली गाडी सुसाट आली तर ती आपोआप त्या चढाच्या फाट्यावर जाते आणि खाली गावात घुसत नाही. म्हणजे प्रत्येक गाडीने, कितीही चांगली असली तरी, थांबूनच दाखवायचं. ‘माझे ब्रेक चांगले आहेत’ असं नुसतं म्हणून चालत नाही.

याकोब सांगतो की ऐकायला तत्पर असा, बोलायला धीमे, रागालाही धीमे. कारण माणसाच्या रागातून देवाला हवी ती नीती निपजत नाही. मला हे वचन त्या दिवशी घाटातल्या थांब्यासारखं दिसलं. माझ्याकडे असा थांबाच नव्हता. मेसेज वाचला, गाडी काढली, खालापूर गाठलं, बोललो. सगळं एका उतारावर.

गाडीत मी माफीचं भाषण तयार करत होतो. ‘दादा, मी तसं बोलायला नको होतं, पण तूसुद्धा...’ केळवली गेलं, डोलवली गेलं, आणि प्रत्येक वेळी वाक्य त्या ‘पण’वर येऊन अडकत होतं. लौजीला मी प्रार्थना केली. फार आध्यात्मिक नव्हती. ‘प्रभू, हा पण काढून घे, माझ्याने निघत नाहीये.’ एवढीच.

दादा पत्र्यावर चढून ताडपत्री बांधत होता. पाऊस भुरभुरत होता. मला बघून खाली उतरला, म्हणाला, ‘बस.’ मी उभाच राहिलो. म्हटलं, ‘दादा, आईसमोर आणि पोरांसमोर मी तुला चोर म्हणालो. ते चुकलं माझं. मला माफ कर.’ आणि गप्प बसलो.

तो बराच वेळ ताडपत्रीची दोरी गुंडाळत राहिला. मग जे बोलला त्यात जागेचा एक शब्द नव्हता. म्हणाला, ‘दोन वर्षं बाबांना डायलिसिसला पनवेलला नेत होतो. आठवड्यातून तीन वेळा. रात्रपाळी करून सकाळी न्यायचो. तू पैसे पाठवायचास, नाही म्हणत नाही मी. पण एकदा तरी फोन करून विचारलंस का, दादा, तू झोपलास का?’

हा होता दादाचा लॉग. एकच ओळ. माझ्या सगळ्या पानांपेक्षा जड.

जागेचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. इसारातले काही पैसे बाबांच्या उपचाराच्या उसनवारीत गेले होते, काही दादाने स्वतःच्या कर्जात भरले होते. न विचारता केलं हे त्याचं चुकलंच आणि त्याने ते मान्यही केलं, पण त्या दिवशी नाही, तीन-चार महिन्यांनी. व्यवहार रद्द झाला. परत करायच्या पैशांचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. पण हिशेब आता एका टेबलावर बसून होतो आणि आई चहा करते. पुढच्या नाताळला करंज्यांचा एकच मोठा डबा होता.

मग राग येणं हेच पाप का?

नाही. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात, शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं तर दोष लावता यावा म्हणून टपून बसलेल्या लोकांकडे येशूने रागाने बघितलं, असं लिहिलंय. त्याच वचनात पुढे हेही लिहिलंय की त्यांची मनं कठीण झालेली पाहून त्याला दुःख झालं. आणि रागाच्या भरात त्याने काय केलं? एका माणसाचा हात बरा केला. आपला राग तपासायला ही चांगली कसोटी आहे. माझ्या रागात समोरच्यासाठी दुःख आहे का? माझ्या रागातून कोणाचा तरी हात बरा होतोय का? माझ्या चौदा महिन्यांच्या रागाने कोणाचं काहीही बरं केलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोणाच्या घरात मारहाण होत असेल, तर ‘राग गिळ आणि समेट कर’ असा या वचनाचा अर्थ काढू नका. येशू हे ज्याच्यामुळे दुसरा दुखावलाय त्याला सांगतोय. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागी जायचा हक्क आहे, मदत मागायचा हक्क आहे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलही शांतीने राहायला सांगताना, तुमच्याकडून जेवढं होईल तेवढं, अशी मर्यादा घालतो.

टिळकांचा राग

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीत या विषयावर बोलताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेला हा कवी. वडील कडक स्वभावाचे. आई गेल्यावर लहान वयातच टिळकांनी घर सोडलं आणि नाशिक गाठलं. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांचा पाय तिथून पुढे निघेना, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ज्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं, ते हेच, मत्तय पाच ते सात. आणि त्यात जुना नियम सांगून ‘मी मात्र तुम्हाला सांगतो’ असं येशू जिथे सुरू करतो, तिथला पहिला विषय कोणता? राग. व्यभिचार नंतर येतो, शपथा नंतर, शत्रूवर प्रीती नंतर. आधी राग.

टिळक स्वतः शीघ्रकोपी होते. हे कोणी विरोधकाने लिहिलेलं नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलंय. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला संत करून भिंतीवर टांगलं नाही. त्यांचा राग, त्यांचं लगेच विरघळणं, दोघांची भांडणं, सगळं हसत हसत सांगून टाकलं. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर हे नवरा-बायको काही वर्षं ताटातूट होऊन राहिले. बाईंनी त्यात काय सोसलं ते वाचताना आजही घशाशी येतं. नंतर ते पुन्हा एकत्र आले, नगरला संसार पुन्हा उभा राहिला, आणि 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

मला यात धीर वाटतो. डोंगरावरचं प्रवचन मनात कोरलेल्या माणसालाही राग येत होता. बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्यांचा स्वभाव एका दिवसात विरघळला नाही. पण रागाने भरून गेलेल्या घरात परत यायची वाट बंद झाली नाही. ज्या बाईने तो राग सर्वांत जवळून सोसला, तिनेच पुढे आठवणी लिहिल्या, आणि त्या आठवणींत कडवटपणापेक्षा माया जास्त आहे. माणूस बदलला की नाही याचं प्रमाणपत्र मंडळीने द्यायचं नसतं, घरच्यांनी द्यायचं असतं.

फळ यायला पावसाळा लागतो

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सौम्यता, सहनशीलता, आत्मसंयम यांना पौल आत्म्याचं फळ म्हणतो. फळ म्हणतो, हे महत्त्वाचं. मी इंजिनिअर, मला वाटायचं की प्रार्थना केली म्हणजे पॅच टाकला, रागाचा बग बंद. तसं होत नाही. आपल्याकडे भात बघा. जूनमध्ये राबात पेरणी, मग रोपं उपटून चिखलात लावणी, मग कापणी थेट दिवाळीच्या आसपास. मधले चार महिने शेतात उभं राहिलं तरी वाढ दिसत नाही. पण शेतकरी रोज बांधावर जातोच.

दादाकडे जाऊन आलो म्हणून माझा राग संपला नाही. गेल्याच आठवड्यात खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत मध्ये घुसणाऱ्या गाडीवाल्याला मी काच खाली करून बोललो. मागच्या सीटवरून आवाज आला, ‘पप्पा, कॉलवर आहात का?’ आता तो आमच्या घरातला इशारा झालाय. काच वर केली. एवढीच वाढ. पण दोन वर्षांपूर्वी मी ती काच वर केली नसती.

म्हणून रोज बांधावर जाण्यासाठी तीन छोट्या सवयी सांगतो. मला त्यांचा उपयोग झाला.

एक, थांबा. रागात लिहिलेला मेसेज पाठवू नका. लिहायचाच असेल तर लिहा, तसाच ठेवा आणि सकाळी वाचा. माझे दहातले नऊ मेसेज सकाळी पुसले जातात. ब्रेक चालतायत हे रोज थांबूनच दाखवावं लागतं.

दोन, राग आधी देवाला सांगा, जसा आहे तसा. स्तोत्रसंहितेत दावीद देवापुढे काय काय बोललाय ते वाचा. तो देवाशी गोड भाषेत भांडत नाही. देवापुढे ओतलेला राग माणसावर ओतायचा उरत नाही. काइनाला देवाने विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. तुम्ही गप्प राहू नका, ‘मी का संतापलो’ याचं उत्तर देवाला द्या.

तीन, समोरच्याचा लॉग वाचा. रात्री झोपण्याआधी एक प्रश्न: आज कोणाच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल? बायकोच्या, आईच्या, ऑफिसातल्या त्या नव्या मुलाच्या? नाव आठवलं तर त्याच रात्री फोन करा, नाहीतर सकाळी सर्वांत आधी. त्या नव्या मुलाचीही मी माफी मागितली, बारा जणांसमोरच. कारण अपमान बारा जणांसमोर केला होता.

आणि हे सगळं आपण कोणाच्या बळावर करायचं? आपल्या चांगुलपणावर नाही. आपण देवाचे वैरी होतो तेव्हा तो आपल्याकडे येण्याची वाट बघत बसला नाही. पुत्राला पाठवून तोच आधी आला. दोष आपला, आणि समेटाला निघाला तो. येशू आपल्याला जी वाट चालायला सांगतो, ती तो आधी स्वतः चालून आलाय, आणि वधस्तंभापर्यंत गेलाय. त्याच्या मागून चालणाऱ्याला खालापूरपर्यंत जाणं जड नको वाटायला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट माझ्याकडे आलं तेव्हा मी घेतलं. माझ्या शेजारी आई होती. तिच्या पलीकडे दादा.

आज तुमच्या मनात कोणाचं नाव आलं असेल तर हे पान इथेच बंद करा आणि आधी त्यांना फोन लावा. प्रार्थना नंतर वाचली तरी चालेल.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, आम्ही दुसऱ्यांच्या चुका तारखेनिशी लक्षात ठेवतो आणि आमच्यामुळे कोण दुखावलं ते विसरतो. आमच्या रागाला तुझ्यापुढे आणायला आम्हाला शिकव. आमच्या जिभेला थांबा दे. आमच्या माफीतला ‘पण’ काढून घे. ज्या घरांत भाऊ भावाशी बोलत नाही, ज्या आया दोन डबे भरत आहेत, त्या घरांत तुझी शांती येऊ दे. ज्यांना रागाचा मार सोसावा लागतो त्यांना आसरा दे आणि त्यांच्यासाठी उभे राहायला आम्हाला धैर्य दे. तुझ्या आत्म्याचं फळ आमच्या घरच्यांना आमच्यात दिसू दे. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.

देव तुम्हाला आशीर्वादित करो. उद्या पुन्हा भेटू.